विश्लेषण : स्कॅनर जोडला तरी डिझेल इंजिन ‘बोलत’ का नाही? रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्यातून काय कळते?

बीएस-६ ट्रक गॅरेजमध्ये येतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला असतो. मेकॅनिक सॉकेटला केबल लावतो, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडतो, पण इंजिन कंट्रोल मॉड्यूलशी म्हणजे ‘ईसीएम’शी संपर्कच होत नाही. आता बिघाड कुठे शोधायचा? इंजिनात, वायरिंगमध्ये की लॅपटॉपमध्ये? इंजिनाच्या आत काय चालले आहे हे बाहेरून कसे कळावे, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. ज्यांच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेल यांची उमेदीची वर्षे याच प्रश्नात गेली.

रुडॉल्फ डिझेल कोण होते?

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील मूळचे बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना फ्रान्स सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे परिस्थिती बेताची होती, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला ते गणिताचे शिक्षक होते. इंजिनीअर व्हायचे हे त्याने तिथेच ठरवले. पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिष्यवृत्तीवर शिक्षण झाले. विषमज्वरामुळे अंतिम परीक्षा लांबली, तो काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधील सुल्झर कारखान्यात काम शिकण्यात घालवला आणि १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवली.

त्यांना नेमके काय बनवायचे होते?

म्युनिकमध्ये त्यांचे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे, शीतकरण यंत्रांचे जनक. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के किंवा त्याहून कमी उष्णता कामात आणते, हे रुडॉल्फ यांनी लिंडे यांच्या वर्गात ऐकले. बाकी उष्णता वाया जाते ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. लिंडे यांच्याच शीतकरण व्यवसायात पॅरिसला नोकरी करताना त्यांनी अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनावर काही वर्षे खर्च केली. ते जमले नाही. मग त्यांचे लक्ष हवेकडे वळले.

सायकलचा पंप जोरात मारला की त्याची नळी गरम होते. हवा दाबली की तापते, हे त्याचे कारण. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की त्यात इंधन सोडताच ते ठिणगीशिवाय पेटावे, ही रुडॉल्फ यांची कल्पना होती. २३ फेब्रुवारी १८९३ रोजी त्यांना जर्मनीचे पेटंट मिळाले. ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि पोलादातील बडे नाव असलेली क्रुप कंपनी पैसे लावायला तयार झाली.

पहिल्या चाचणीत काय घडले?

१० ऑगस्ट १८९३. ऑग्सबर्गच्या कारखान्यात पट्टा लावून इंजिन बाहेरून फिरवले जात होते. आतला दाब मोजण्यासाठी सिलिंडरवर ‘इंडिकेटर’ बसवला होता. हा गाडी वळवताना लावायचा दिवा नव्हे. वाफेच्या इंजिनांच्या काळापासून वापरात असलेले ते एक छोटे मापनयंत्र. सिलिंडरमधला दाब वाढला की त्यातली पेन्सिल वर जाते. पिस्टनला बांधलेल्या दोरीने कागद गुंडाळलेला एक छोटा ड्रम मागेपुढे फिरतो. दोन्ही मिळून कागदावर एक बंद आकृती उमटते. त्या आकृतीवरून कुठे दाब पडला, इंधन कधी पेटले, किती काम झाले हे वाचता येते.

त्या दिवशी इंधन म्हणून पेट्रोल सोडले आणि ते पेटले. दाब सुमारे ८० ॲटमॉस्फिअरपर्यंत उसळला आणि इंडिकेटर फुटून त्याचे तुकडे उडाले. शेजारी उभे असलेले रुडॉल्फ थोडक्यात वाचले. हवा दाबून इंधन पेटते हे सिद्ध झाले, पण ते सांगणारे यंत्रच शिल्लक राहिले नाही.

मग इंजिन चालू कसे झाले?

एकामागून एक चाचण्या घेऊन. पेटंटमध्ये मांडलेला सिद्धांत प्रत्यक्षात तसाच उतरणार नाही, हे रुडॉल्फ यांनी ओळखले आणि ज्वलनाची पद्धत बदलली. हवा गळत होती म्हणून पिस्टनची बांधणी बदलली. इंधन आत ढकलण्यासाठी दाबाखालच्या हवेचा झोत वापरला. प्रत्येक बदलानंतर इंडिकेटरचा नवा कागद निघे आणि पुढचा बदल त्यावरून ठरे.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या बळावर सुमारे मिनिटभर फिरले. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर झाले. त्या काळासाठी हा आकडा थक्क करणारा होता. ते इंजिन आज म्युनिकच्या ड्यूश म्युझियममध्ये आहे.

या इंडिकेटरची एक खोड इंजिनीअरांना ठाऊक होती. दोरी सैल झाली किंवा ताणली गेली, जोडनळी लांब पडली, स्प्रिंग चुकीची लागली, तर इंजिन ठणठणीत असूनही कागदावरची आकृती चुकते. म्हणून कागदावर विचित्र काही दिसले की आधी इंडिकेटर आणि त्याची जोडणी तपासायची, मग इंजिन खोलायचे.

यश मिळाल्यावर अडचणी का वाढल्या?

१८९७ नंतर परवाने घेण्यासाठी देशोदेशीच्या कारखानदारांची रीघ लागली. अमेरिकेतील बिअर उद्योजक अडॉल्फस बुश, रशियातील इमॅन्युएल नोबेल ही त्यातली मोठी नावे. रुडॉल्फ श्रीमंत झाले. पण विकली गेली ती मुख्यतः रेखाचित्रे आणि पेटंटचे हक्क. आकृती वाचून झडप किंवा नोझल नेमके किती सरकवायचे, ही जाण ऑग्सबर्गच्या मोजक्या लोकांच्या हातात होती. ती कागदावर पाठवता येत नव्हती.

१८९८ मध्ये केम्प्टन येथील आगपेटी कारखान्यात ६० अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे इंजिन बसवले. रोजच्या कामात ते कुरकुरू लागले. इंधन फवारणारा भाग तुंबणे, हवेच्या कॉम्प्रेसरचा त्रास अशा तक्रारी इतर ठिकाणांहूनही आल्या. काही ग्राहकांनी इंजिने परत केली. इंजिन मुळातच सदोष आहे, अशी टीका सुरू झाली. पेटंटवरून वादही झाले. ताणामुळे रुडॉल्फ यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. पुढची काही वर्षे ऑग्सबर्गच्या तंत्रज्ञांनी भाग सुधारले आणि इंजिन भरवशाचे झाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेल इंजिनाचे जहाज कोपनहेगनहून बँकॉकला निघाले.

रुडॉल्फ यांचा शेवट कसा झाला?

इंजिन सावरले, पण त्यांचा पैसा सावरला नाही. तेलक्षेत्रे आणि जमिनींतील गुंतवणूक अंगलट आली. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढले. रात्री सहकाऱ्यांबरोबर जेवण झाले, सकाळी लवकर उठवायला सांगून ते केबिनमध्ये गेले. सकाळी बिछाना वापरलेला नव्हता. टोपी आणि ओव्हरकोट डेकवर सापडले. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्याच्या खिशातील वस्तू मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, हे कधीच सिद्ध झाले नाही. ते कर्जात बुडाले होते, हे नंतर उघड झाले. आपल्या इंजिनाच्या जन्माची हकीकत सांगणारे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते.

आज इंडिकेटरची जागा कशाने घेतली?

सेन्सर आणि ईसीएमने. कॉमन रेल इंजिनात २,००० बार किंवा त्याहून अधिक दाबाने इंधन फवारले जाते. ते कधी आणि किती सोडायचे हे ईसीएम ठरवते. दाब, तापमान, क्रँकशाफ्टची स्थिती याची माहिती सेन्सर देतात. काही बिघडले तर ईसीएम फॉल्ट कोड साठवून ठेवते. ही माहिती ‘कॅन’ नावाच्या दोन तारांच्या जाळ्यातून सॉकेटपर्यंत येते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर धुराच्या शुद्धीकरणाची यंत्रणाही याच जाळ्यात आली. त्यामुळे स्कॅनरशिवाय दुरुस्ती जवळपास अशक्य झाली आहे. १८९३ मधल्या दोरीचे काम आज केबल करते.

संपर्क होत नसेल तर काय तपासतात?

क्रम महत्त्वाचा. सोपे आणि बाहेरचे आधी, महागडे आणि आतले शेवटी.

पहिले, इग्निशन चालू आहे का आणि बॅटरीचा व्होल्टेज पुरेसा आहे का.

दुसरे, सॉकेटला वीज येते का. कारच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीची वीज आणि ४ व ५ वर अर्थ असतो. वीज नसेल तर बहुतेक वेळा फ्यूज गेलेला असतो. काही ट्रकांना ९ पिनांचे गोल सॉकेट असते.

तिसरे, लॅपटॉपची बाजू. सॉफ्टवेअरमध्ये योग्य ॲडॉप्टर निवडला आहे का, त्याचा ड्रायव्हर बसला आहे का, ट्रकच्या जाळ्याचा वेग जुळतो का (काहींचा २५० किलोबिट, नव्यांचा ५००). तीच केबल दुसऱ्या चांगल्या गाडीला लावून पाहिली की निम्मा संशय फिटतो.

चौथे, कॅनच्या तारा. बॅटरी सोडवून दोन तारांमधला रोध मल्टिमीटरने मोजतात. साधारण ६० ओहम आला तर जाळे ठीक. १२० ओहम आला तर एका टोकाचा रोधक गायब किंवा तार तुटलेली. शून्याच्या जवळ आला तर तारा एकमेकींना चिकटलेल्या. काही गाड्यांत सॉकेट आणि जाळे यांच्यामध्ये गेटवे असतो, तिथे आकडा वेगळा येऊ शकतो. म्हणून कंपनीचा वायरिंग नकाशा पाहावा.

पाचवे, गाडीतील इतर मॉड्यूल बोलतात आणि फक्त ईसीएम गप्प असेल, तर त्याचा रिले, फ्यूज आणि अर्थ तपासावा. काही गाड्यांत एखाद्या सेन्सरची पाच व्होल्टची तार शॉर्ट झाली तरी ईसीएम गप्प होते. सेन्सरचे प्लग एकेक काढून पाहिले की दोषी सापडतो.

एवढे झाल्यावरच ईसीएम खराब आहे असे म्हणता येते.

वाहनमालकाने काय लक्षात ठेवावे?

स्कॅनर लागत नाही याचा अर्थ इंजिन किंवा ईसीएम गेले असा होत नाही. ईसीएम बदलण्याचा सल्ला मिळाला, तर वीज, अर्थ आणि कॅनचा रोध मोजला का, त्याचे आकडे काय आले, हे विचारावे. उत्तर देता येत नसेल तर खर्चाला होकार देण्याआधी दुसरीकडे दाखवावे. रुडॉल्फ यांच्या इंजिनाला सदोष ठरवून परत पाठवणाऱ्यांकडे इंजिन होते, पण त्याची आकृती वाचू शकणारा माणूस नव्हता.