सिनेमाचं श्रेय दुसऱ्यांना गेलं, पण वेबकॅमसमोर हलणाऱ्या अवतारांची कल्पना या डॉक्टरने १८८३ मध्येच कॅमेऱ्यात उतरवली होती

युट्यूबवर हल्ली एक प्रकार जोरात आहे. पडद्यावर ॲनिमेशनमधली एखादी मुलगी किंवा एखादा कोल्हा गप्पा मारत असतो, मान डोलावतो, हात हलवतो. त्यामागे खरा माणूस साध्या वेबकॅमसमोर बसलेला असतो. त्याने हात वर केला की अवतारही हात वर करतो. अंगाला ना वायर, ना सेन्सर. लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर आणि मीडियापाइपसारखं फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय? तुमचा शर्ट, मागची भिंत, घरातला पसारा हे सगळं ते सोडून देतं आणि अंगावरचे फक्त ३३ बिंदू उचलतं. नाक, खांदा, कोपर, मनगट, गुडघा, घोटा वगैरे. बिंदू जोडले की काड्यांचा माणूस तयार होतो आणि त्या काड्यांवर अवतार बसवला जातो.

माणूस पुसून टाकायचा आणि हालचाल तेवढी ठेवायची, ही कल्पना कॉम्प्युटरच्या फार आधीची आहे. ती प्रत्यक्षात आणणाऱ्या माणसाचं नाव एतियन-ज्यूल मारे.

मारेचा जन्म ५ मार्च १८३० चा, फ्रान्समधल्या बोन या गावचा. पोराला इंजिनिअर व्हायचं होतं, वडिलांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. वडिलांच्या शब्दाखातर १८४९ मध्ये तो पॅरिसला गेला आणि डॉक्टर झाला. पण डोक्यातली यंत्रं काही गेली नाहीत.

त्या काळी डॉक्टर नाडी बघायचे ती बोटांनी. एकाला ती जलद वाटायची, दुसऱ्याला मंद. मारेने १८६० च्या सुमारास मनगटावर बांधायचं एक यंत्र तयार केलं. नाडीच्या ठोक्याने एक काडी वरखाली व्हायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. आता नाडी डोळ्यांनी दिसत होती, मोजता येत होती. इथूनच त्याच्या आयुष्याचा धागा सुरू होतो. शरीरात जे काही हलतं, त्याची रेघ मिळाली पाहिजे.

१८६४ मध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि १८६९ मध्ये तो कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाला. नाडीनंतर नंबर लागला चालण्याचा. त्याने घोड्याच्या खुरांखाली रबराच्या हवेच्या पिशव्या बसवल्या, त्यातून नळ्या काढल्या आणि त्या स्वाराच्या हातातल्या यंत्राला जोडल्या. खूर टेकला की हवा दाबली जायची आणि कागदावर खूण उमटायची. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात, हे त्याने या खुणांवरून दाखवलं. १८७३ मध्ये त्याचं यावरचं पुस्तक आलं आणि ते अमेरिकेत लेलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य माणसाच्या वाचनात आलं. स्टॅनफर्डने एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरला कामाला लावलं आणि १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे जगप्रसिद्ध फोटो निघाले.

ते फोटो बघून मारे खूश झाला, पण त्याचं समाधान झालं नाही. मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडले होते आणि घोड्याच्या पायाने दोरे तुटले की फोटो निघत होते. म्हणजे प्रत्येक फोटोची जागा वेगळी आणि दोन फोटोंमधला वेळही नक्की नाही. मारेला हवा होता एकच कॅमेरा आणि ठरावीक वेळाने निघणारे फोटो. अंतर आणि वेळ दोन्ही माहीत असल्याशिवाय वेग कसा काढणार?

१८८२ मध्ये त्याने चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. उडणाऱ्या पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा की सेकंदाला १२ फोटो. प्रत्येक फोटोसाठी प्रकाश आत यायचा तो सेकंदाच्या ७२० व्या भागापुरता, म्हणून पंख फिसकटत नसत.

त्याच वर्षी पॅरिसच्या बुलोन उद्यानाजवळ त्याची नवी प्रयोगशाळा उभी राहू लागली. सोबतीला होता जॉर्ज देमेनी नावाचा तरुण सहकारी, व्यायामाचा नाद असलेला. इथे मारे एकाच काचेवर एकापाठोपाठ एक फोटो घेऊ लागला. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीसमोरून पांढऱ्या कपड्यातला माणूस चालायचा. पण चाल हळू असली की चित्रं एकमेकांवर चढायची आणि कुठला पाय कुठला तेच कळायचं नाही. मग त्याने माणसाची एक बाजू काळी ठेवली, म्हणजे कॅमेऱ्याकडचा एकच पाय दिसेल. तरीही गर्दी होतीच.

१८८३ मध्ये त्याने पुढची पायरी गाठली. माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख घातला. हातापायांवर चकचकीत पट्ट्या लावल्या आणि सांध्यांवर ठिपके. काळ्यासमोर काळा माणूस चालला आणि काचेवर माणूस आलाच नाही! आल्या फक्त रेषा आणि बिंदू. आजच्या सॉफ्टवेअरचा काड्यांचा माणूस तो हाच. फरक एवढाच, की मारेला ठिपके चिकटवावे लागत. आजचा प्रोग्राम हजारो फोटोंवर शिकून सांधा कुठे असेल याचा अंदाज बांधतो.

एक अडचण उरलीच. एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही. हात पुढे आला की नुसता आखूड झाला, हे सपाट चित्रात ओळखायचं कसं? मारेने उडत्या पक्ष्याचे बाजूने, वरून आणि समोरून असे तीन दिशांनी फोटो घेतले, ते जुळवले आणि १८८७ मध्ये त्यातून पक्ष्याच्या उडण्याचे घडीव पुतळे तयार केले. कॅमेऱ्यातून मापं घ्यायची आणि त्यावरून त्रिमितीय आकृती उभी करायची, म्हणजे एका अर्थी अवतारच.

१८८८ मध्ये तो काच सोडून कागदाच्या लांब पट्टीवर फोटो घेऊ लागला, पुढे फिल्मवर. १८८९ मध्ये एडिसन पॅरिसला आला तेव्हा त्याला भेटून गेला. सिनेमा आता हाताच्या अंतरावर होता. आणि इथेच मारे आणि देमेनीचं बिनसलं.

देमेनीला हलती चित्रं लोकांना दाखवायची होती, त्यातून धंदा उभा करायचा होता. त्याने १८९२ मध्ये तशी कंपनीही काढली. मारेच्या लेखी, जे डोळ्यांना एरवी दिसतंच ते पडद्यावर पुन्हा दाखवण्यात विज्ञान नव्हतं. त्याला न दिसणारं बघायचं होतं. उताणं सोडलेलं मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर कसं पडतं, हे त्याने १८९४ मध्ये एकेक चित्र करून दाखवलं. त्याच वर्षी त्याने देमेनीला कामावरून जायला सांगितलं. बारा वर्षांची सोबत तुटली. पुढच्या वर्षी, २८ डिसेंबर १८९५ ला, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून सिनेमा दाखवला आणि जगाने त्यांचं नाव लक्षात ठेवलं.

१५ मे १९०४ ला मारे गेला. त्याच्या आठवडाभर आधी मायब्रिज गेला होता. दोघांचंही जन्मसाल एकच, १८३०.

सिनेमाच्या हिशोबात मारे मागे पडला, कारण त्याला चित्र नकोच होतं, माप हवं होतं. अवतार हलवायलाही नेमकं तेच माप लागतं. म्हणून तुम्ही स्वतः वेबकॅम लावून बसलात आणि अवतार थरथरायला लागला, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी मारेच्या युक्त्या करून बघा. समोरून भरपूर उजेड द्या, कारण कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो आणि हात फिसकटतो. भिंत मोकळी ठेवा, कपडे भिंतीहून वेगळ्या रंगाचे घाला. एक हात दुसऱ्यामागे लपू देऊ नका. आणि हात पुढे-मागे केल्यावर अवतार गोंधळला, तर तो दोष तुमच्या कॉम्प्युटरचाच असेल असं नाही. एका कॅमेऱ्याला खोली दिसत नाही. त्यासाठी मारेलाही तीन दिशांनी बघावं लागलं होतं.