महर्षींची सून

मैत्रिणींनो, आज जरा माझीच कबुली. मुलींनी खूप शिकावं, असं मी महिला मंडळात दरवर्षी माईकवरून सांगते. टाळ्याही पडतात. पण यंदा माझ्याच लेकीने समाजशास्त्रात एम.ए. करायला मुंबईला जायचं काढलं आणि माझ्या पोटात गोळा आला. एकटी कशी राहील? स्त्री, वंश, राष्ट्र असलं शिकून नोकरी कुठली मिळणार? सरळ नाही म्हणून मोकळी झाले.

मग गिरगावात मामेबहिणीकडे जाणं झालं. फोर्टात राजाबाई टॉवरवरून जाताना इरावतीबाई कर्वे आठवल्या. ‘युगान्त’मुळे त्या आपल्या ओळखीच्या. पण समाजशास्त्राचा त्यांचा अभ्यास सुरू झाला तो मुंबई विद्यापीठात.

जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी आईवडिलांपासून दूर, पुण्याच्या हुजूरपागेत आल्या आणि पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी लेकीसारख्या वाढल्या. १९२६ साली फर्ग्युसनमधून बी.ए. झाल्या. मग मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ साली एम.ए. केलं. आपल्याच जातीकडे परक्यासारखं बघायचं, सोपं नाही हो ते!

लग्न झालं दिनकर कर्व्यांशी. म्हणजे त्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांची सून. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनेही तिथे शिकावं, असं त्यांनी ठरवलं. विरोध कुणी केला असेल? खुद्द महर्षींनी! विधवांसाठी, मुलींसाठी ज्यांनी जन्म वेचला, त्यांना घरच्या सुनेचं परदेशी जाणं पटेना. शेवटी डॉ. जीवराज मेहतांनी कर्ज दिलं आणि इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

तिथले त्यांचे गुरू होते ऑयगेन फिशर. गोऱ्या लोकांची बुद्धी श्रेष्ठ आणि त्याची खूण कवटीच्या ठेवणीत सापडते, असं त्यांचं म्हणणं. ते तपासायचं काम आलं या विशीतल्या मराठी बाईकडे. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या. निष्कर्ष काय निघाला? दोन्ही बाजू थोड्या कमीजास्त असणं सगळ्याच माणसांत आढळतं, वंशाशी त्याचा संबंध नाही. तसंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परका देश, डोक्यावर कर्ज, पदवी गुरूच्याच हातात. तरी आकडे फिरवले नाहीत. १९३० साली डॉक्टरेट पदरात पडली. तीनच वर्षांनी जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वंशाच्या त्या वेडाने पुढे किती माणसं मारली, ते जगाने पाहिलं.

मायदेशी येऊन इरावतीबाई १९३१ ते १९३६ महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. म्हणजे सासऱ्यांनीच उभारलेल्या विद्यापीठाचा कारभार बघायला हीच सून! १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलं. गावोगाव हिंडून जातीजमातींची मोजमापं घेतली, नातेसंबंध टिपले. १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा मोठा ग्रंथ आला. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचीही पाहणी केली. तीन मुलं, संसार हे सगळं सांभाळून बरं का! ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या.

महर्षींसारखा मोठा माणूसही घरच्या उंबऱ्याशी अडखळला. मग माझी काय कथा? पण अडखळलं म्हणून तिथेच बसून राहायचं का?

घरी आल्यावर लेकीचा फॉर्म मागून घेतला आणि पालकाच्या जागी सही केली. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू? आता मंडळात माईक हातात घेताना जीभ अडखळणार नाही, एवढं मात्र नक्की.