देश जिंकून दिला, घरी नेली बियाण्याची पिशवी! सेनापती गॅरिबाल्डी यांची शेती आणि संसार

तारीख ९ नोव्हेंबर १८६०. इटलीतल्या नेपल्स बंदरातून पहाटे एक बोट सुटली. बोटीत बसलेल्या माणसाने सहा महिन्यांत अर्धा देश जिंकून राजाच्या हवाली केला होता. राजाने पदवी, वाडा, मुलीच्या लग्नासाठी पैसा असं बरंच काही देऊ केलं, पण त्यांनी काहीच घेतलं नाही. सोबत होती थोडी साखर, कॉफी, सुकी मासळी आणि बियाण्याची एक पिशवी. पेरणीचे दिवस होते आणि रान वाट पाहत होतं.

त्या माणसाचं नाव ज्युझेप्पे गॅरिबाल्डी. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या चळवळीत हे नाव घरोघरी पोहोचलं होतं. लाला लजपतराय यांनी उर्दूत आणि न. चिं. केळकर यांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं. त्यात लढाया पुष्कळ आहेत. पण तलवार खाली ठेवल्यावर या माणसाने खडकाळ बेटावर शेती कशी केली, घर कसं चालवलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

खलाशाचा पोरगा

गॅरिबाल्डी यांचा जन्म ४ जुलै १८०७ चा, नीस या समुद्रकाठच्या गावातला. वडील डोमेनिको किनाऱ्याने मालाची ने-आण करायचे. आईचं नाव रोझा. पोराने शिकून मोठं व्हावं असं घरच्यांना वाटायचं, पण पोराचं सगळं ध्यान पाण्यात. पुढे ते जहाजावर गेले आणि १८३२ मध्ये कप्तान झाले.

तेव्हा इटली हा एक देश नव्हता. सात-आठ तुकडे, प्रत्येकाचा धनी वेगळा. उत्तरेचा मोठा भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात, मध्यभागी पोपचं राज्य. हे तुकडे जोडायचं स्वप्न मॅझिनी यांनी तरुणांना दाखवलं. गॅरिबाल्डी त्यात सामील झाले. १८३४ मध्ये जिनोव्हातला उठाव फसला आणि त्यांना फाशीची शिक्षा झाली. पण ते हाती लागले नाहीत. पळून पुढे दक्षिण अमेरिकेला गेले.

अनिता आणि बारा दिवसांचं बाळ

ब्राझीलच्या दक्षिणेला रिओ ग्रांदे प्रांताने बंड केलं होतं. गॅरिबाल्डी त्यांच्या बाजूने लढू लागले. तिथे १८३९ मध्ये लागुना गावात त्यांना अनिता भेटल्या. वय १८. लहानपणीच लग्न लावून दिलेलं, नवरा सोडून गेलेला. घोड्यावर बसण्यात अनिता पटाईत होत्या. त्या गॅरिबाल्डींसोबत निघाल्या आणि लढाईतही मागे राहिल्या नाहीत.

सप्टेंबर १८४० मध्ये थोरला मुलगा मेनोत्ती झाला. बाळ बारा दिवसांचं असताना शत्रूने घर गाठलं. नवरा बाहेरगावी. ओल्या बाळंतिणीने बाळ छातीशी धरलं आणि घोड्यावरून रान गाठलं.

लढाईत पैसा मिळाला नाही. पगाराच्या बदल्यात ९०० गुरं मिळाली. ती हाकत कुटुंब उरुग्वेकडे निघालं. पन्नास दिवसांची वाट, नदी-नाले, बेइमान गुराखी. माँटेव्हिडिओ शहरात पोहोचले तेव्हा हाती उरली फक्त ३०० कातडी. तिथे १८४२ मध्ये दोघांचं रीतसर लग्न झालं. रोझिता, तेरेसिता आणि रिचोत्ती ही मुलं झाली. रोझिता दोन वर्षांची होऊन गेली. ते दुःख दोघांना जन्मभर पुरलं.

याच शहरात त्यांनी इटालियन लोकांची पलटण उभी केली. कत्तलखान्यातल्या कामगारांसाठी आणलेले लाल सदरे स्वस्तात मिळाले, तोच पलटणीचा गणवेश झाला. पुढे लाल सदरा हीच त्यांची ओळख बनली. सरकारने जमीन देऊ केली, पण तीही त्यांनी घेतली नाही.

बायकोला मूठमातीही देता आली नाही

१८४८ मध्ये इटलीत उठाव सुरू झाले आणि गॅरिबाल्डी परतले. पुढच्या वर्षी रोममध्ये लोकांचं राज्य आलं. ते मोडायला फ्रान्सने फौज पाठवली. गॅरिबाल्डींनी दोन महिने शहर लढवलं, पण शेवटी बाहेर पडावं लागलं. अनिता पोटुशा होत्या, तरी सोबत निघाल्या. मागे ऑस्ट्रियाचे शिपाई, वाटेत ताप चढला. ४ ऑगस्ट १८४९ रोजी राव्हेन्नाजवळच्या एका शेतघरात त्यांनी प्राण सोडला. वय अवघं २७.

शिपाई जवळ आले होते. नवऱ्याला थांबून मातीही देता आली नाही. अंगावरच्या कपड्यानिशी पुढे पळावं लागलं. दहा वर्षांनी ते त्या गावी परत आले आणि अनिताच्या अस्थी नीसला घेऊन गेले.

मुलं नीसला आजीकडे होती. बाप परागंदा. न्यूयॉर्कला गेले, तिथे अंतोनियो मेउच्ची या इटालियन मित्राकडे मेणबत्त्यांच्या कारखान्यात काम केलं. परत जहाज धरलं, पेरूहून चीनपर्यंत खेपा मारल्या. तेवढ्यात आईही गेली.

खडकावरची शेती

१८५५ मध्ये भाऊ फेलिचे वारले. त्यांच्याकडून वाट्याला आलेल्या पैशातून गॅरिबाल्डींनी सार्डिनियाजवळच्या काप्रेरा बेटाचा अर्धा भाग विकत घेतला. वारा इतका की झाड सरळ वाढत नाही. जमीन म्हणजे खडक आणि काटेरी झुडपं. माती मिळेल तिथे ओंजळभर.

सुरुवातीला तंबूत राहिले. मग मेनोत्ती आणि जुन्या सोबत्यांच्या मदतीने दगडाचं पांढरं, बैठं घर बांधलं, दक्षिण अमेरिकेत पाहिलं होतं तसं. रानातले दगड वेचले. त्याच दगडांचे बांध घातले, म्हणजे रानही मोकळं झालं आणि शेळ्यांपासून पीकही वाचलं. धान्य, भाजीपाला, द्राक्षं, अंजीर, ऑलिव्ह लावले. गाई, शेळ्या, कोंबड्या, मधमाश्या पाळल्या. दळायला पवनचक्की, भाजायला भट्टी. सकाळी लवकर उठून सेनापती स्वतः कुदळ घेऊन रानात जायचे.

बेटाच्या दुसऱ्या भागात कॉलिन्स हे इंग्रज जोडपं राहायचं. त्यांची जनावरं गॅरिबाल्डींच्या पिकात शिरायची. राज्यं हलवणाऱ्या माणसालाही बांधाची भांडणं चुकली नाहीत! शेवटी त्यांनी मधे भिंतच घातली. पुढे इंग्लंडमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून तो भागही विकत घेऊन त्यांना दिला.

त्यांच्या दावणीला गाढवं होती. एकाला नाव पोपचं, एकाला फ्रान्सच्या बादशहाचं, एकाला ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं. रागही निघायचा आणि पाहुण्यांची करमणूकही व्हायची. पण जनावराला मारलेलं त्यांना खपत नसे. १८७१ मध्ये तुरीन शहरात प्राण्यांच्या संरक्षणासाठी संस्था निघाली, ती त्यांच्याच पुढाकाराने.

हजार माणसं आणि एक राज्य

एप्रिल १८६० मध्ये सिसिली बेटावर उठाव झाल्याची खबर आली. गॅरिबाल्डी हजारभर माणसं घेऊन निघाले. त्यात वकील, डॉक्टर, विद्यार्थी, कारागीर होते, बंदुका जुनाट होत्या. ११ मे रोजी ते मार्सालाला उतरले. महिन्याच्या आत पालेर्मो हाती आलं. ७ सप्टेंबरला ते नेपल्समध्ये शिरले. ऑक्टोबरअखेर राजा व्हिक्टर इमॅन्युएल यांना भेटून त्यांनी सगळा मुलूख सोपवला.

सिसिलीत उतरल्यावर त्यांनी दळणावरचा कर रद्द केला होता. लढायला येईल त्याला गावच्या सामाईक जमिनीतून वाटा देण्याचा हुकूमही काढला होता. गरीब शेतकऱ्याला वाटलं, आता आपले दिवस येणार. पण जमिनीचं वाटप काही होईना. ब्रोंते गावात लोक खवळले, जमीनदारांसह अनेकांचे खून पडले. ते शमवायला गॅरिबाल्डींनी आपला सहकारी बिक्सिओ याला पाठवलं. त्याने घाईघाईचा खटला चालवून पाच जणांना गोळ्या घातल्या. हा डाग त्यांच्या मोहिमेवरून पुसला गेला नाही. आठ वर्षांनी नव्या सरकारने दळणावरचा कर पुन्हा आणला, तोही साऱ्या देशावर. गॅरिबाल्डींनी त्याला जाहीर विरोध केला.

आणखी एक घाव घरचा होता. त्याच वर्षी राजकारणाच्या सौद्यात नीस फ्रान्सला दिलं गेलं. देश जोडणाऱ्याचं जन्मगावच परदेशात गेलं.

मोडलेलं घर, पुन्हा उभं राहिलेलं घर

संसारात त्यांच्या हातून चुकाही झाल्या. जानेवारी १८६० मध्ये जुझेप्पिना राइमोंदी या तरुणीशी लग्न केलं. तिचं दुसऱ्यावर प्रेम असल्याची चिठ्ठी लग्नाच्याच दिवशी हाती आली आणि त्यांनी तिथल्या तिथे संबंध तोडला. ते लग्न कायद्याने रद्द व्हायला वीस वर्षं लागली. बत्तिस्तिना राव्हेल्लो या घरकाम करणाऱ्या बाईंपासून त्यांना एक मुलगी होती. तिचं नावही अनिता. ती १६ व्या वर्षीच गेली.

लेक तेरेसिता हिच्या बाळाला पाजण्यासाठी फ्रांचेस्का आर्मोसिनो ही शेतकरी घरातली बाई बेटावर आली आणि तिथलीच झाली. क्लेलिया, रोझा आणि मान्लिओ ही त्यांची मुलं. क्लेलिया जन्मली तेव्हा बापाने अंगणात पाइनचं झाड लावलं. धाकटी रोझा १८७१ च्या सुरुवातीला गेली, तेव्हा बाप फ्रान्समध्ये लढत होता. २६ जानेवारी १८८० ला अखेर लग्न लागलं. क्लेलिया तेव्हा बारा वर्षांची होती, मान्लिओ सहा.

लढाई मात्र सुटली नव्हती. १८६२ मध्ये रोमकडे निघाले, तर इटलीच्याच फौजेने आस्प्रोमोंतेला गोळी घातली. पाय जायबंदी झाला. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी लढले. १८६७ मध्ये सरकारने बेटाभोवती जहाजं उभी केली, तर साठीचा माणूस लहानशा होडीतून निसटला!

कर्ज आणि पेन्शन

म्हातारपणी संधिवाताने हात-पाय धरले. चाकाच्या खुर्चीत बसून रान बघायचं, एवढंच राहिलं. खडकाची शेती पोट भरी, पण शिल्लक पडत नसे. त्यात मुलांचे धंदे बुडाले, कर्ज झालं. १८७४ मध्ये संसदेने वर्षाला ५० हजार लिरा पेन्शन देण्याचं ठरवलं. लोकांवर कराचा बोजा असताना असा पैसा घेणं त्यांना पटेना, त्यांनी नाही म्हटलं. दोन वर्षांनी मात्र कर्जापुढे मान वाकवावी लागली. जन्मभर काही न घेणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते कर्जात अडकलेल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

२ जून १८८२ च्या संध्याकाळी समुद्राकडच्या खिडकीजवळ त्यांनी देह ठेवला. बेटावरच्या लाकडांची चिता रचून उघड्यावर दहन करावं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते पाळलं गेलं नाही. दफन करून वर ग्रॅनाइटची भलीमोठी शिळा ठेवली.

पुढची पिढी

बारा दिवसांचा असताना घोड्यावरून पळवलेला मेनोत्ती पुढे सेनानी झाला आणि मग बापासारखाच शेतकरी. रोमजवळच्या दलदलीच्या भागात त्याने शेती उभी केली. तिथल्या हिवतापानेच १९०३ मध्ये त्याचा बळी घेतला. रिचोत्ती लढाईच्या वाटेवर राहिला. पहिल्या महायुद्धात त्याची दोन मुलं फ्रान्सच्या भूमीवर कामी आली. मान्लिओ नौदलात गेला आणि तरुणपणीच वारला.

क्लेलिया मात्र बेटावरच राहिली. बापाची खोली, खुर्ची, शेतीची अवजारं तिने जपली. ती १९५९ मध्ये गेली. आज तिथे संग्रहालय आहे. भिंतीवरचं कॅलेंडर २ जून १८८२ वरच थांबलेलं आहे. अंगणात क्लेलियाच्या जन्माचं पाइनचं झाड अजून उभं आहे, वाऱ्याने वाकलेलं, पण मुळं खडकात घट्ट रोवलेलं.