लुसी लॉइड : मावळत्या भाषेच्या लेखनिक

दक्षिण आफ्रिकेतील खाम ही सान लोकांची भाषा आज कोणी बोलत नाही. तरीही तिच्यातील शेकडो कथा, गाणी आणि आठवणी शाबूत आहेत. त्याचे मोठे श्रेय लुसी लॉइड यांना जाते.

१८३४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुसी धर्मोपदेशक वडिलांसोबत १८४९ मध्ये नाताळ वसाहतीत आल्या. त्यांच्या बहिणीचे पती विल्हेल्म ब्लीक हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ केपटाऊनच्या ग्रे ग्रंथसंग्रहाचे प्रमुख होते. १८७० मध्ये शहरातील तुरुंगात काही खाम कैदी असल्याचे त्यांना कळले. सरकारी परवानगीने काही जण मोब्रे येथील ब्लीक यांच्या घरी राहू लागले आणि शिक्षकांच्या जागी कैदी, अशी ही विलक्षण शाळा भरली. त्यांतला वयस्क काब्बो शिक्षा संपल्यावरही थांबला. आपल्या लोकांच्या कथा पुस्तकरूपाने उराव्यात, ही त्याची इच्छा होती.

काम सोपे नव्हते. हळहळताना आपण जीभ दातांमागे लावून काढतो तो 'च्च' आवाज खाममध्ये चक्क व्यंजन होता; जिभेच्या कडेने बैल हाकण्याचा दुसरा, ओठांनी मुका घेतल्यासारखा तिसरा. असे एकूण पाच. उभ्या रेघा, उद्गारचिन्ह अशा खुणांनी ते लिहावे लागत. (काब्बोच्या नावाच्या आरंभीचा असा ध्वनी देवनागरीत उतरतच नाही.) वहीच्या एका रकान्यात मूळ मजकूर, शेजारी इंग्रजी अनुवाद, समोरच्या पानावर मागाहून मिळालेले खुलासे, अशी लुसींची पद्धत होती. बारा हजारांहून अधिक पाने भरली. त्यांतली बहुतेक त्यांच्या हातची.

१८७५ मध्ये ब्लीक वारले. ग्रंथसंग्रहाचे काम लुसींकडे आले, पण निम्म्या पगारावर. १८८० मध्ये तेही काढून घेतले गेले. लेखन मात्र थांबले नाही. प्रकाशनासाठी त्यांना १९११ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या पुस्तकावर ब्लीक यांचेही नाव आहे. १९१३ मध्ये मिळालेली सन्माननीय डॉक्टरेट दक्षिण आफ्रिकेत स्त्रीला मिळालेली पहिलीच. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले. ब्लीक यांची कन्या डोरोथिआ हिने शब्दकोशाचे काम पुढे नेले. तो १९५६ मध्ये, तिच्याही मृत्यूनंतर छापला गेला.

२००० मध्ये दक्षिण आफ्रिकेने नव्या राजचिन्हासाठी बोधवाक्य निवडले ते खाम भाषेतले. तोपर्यंत ती मातृभाषा म्हणून बोलणारे कोणीही उरले नव्हते.