दार उघडे, घर परके

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे आपल्या चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात खळबळ उडाली. रमाबाई आपल्याला अंतरल्या, एवढेच येथील समाजाला त्या वेळी दिसले. ज्या चर्चमध्ये त्या गेल्या तेथे तरी त्यांना आपलेपणा लाभला काय, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने फारच थोड्यांचे लक्ष गेले.

रमाबाई काही अजाण वयात धर्मांतर करणाऱ्या नव्हत्या. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबासह तीर्थाटनात बालपण घालविले, आईच्या मुखातून संस्कृत आत्मसात केले आणि दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू पाहिला. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८२ मध्ये वैधव्य आल्यावर त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. अशा स्वतंत्र बुद्धीची स्त्री चर्चच्या दारी आली, ती आपली बुद्धी उंबरठ्याबाहेर ठेवून येणे शक्यच नव्हते.

वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, शिक्षणाची सोय केली. सिस्टर जेरल्डिन यांनी तर मातेची माया केली. तथापि या मायेला एक अट होती. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडे घातलेला पदार्थही त्या घेत नसत. सिस्टरांना त्यात जातीचा अहंकार दिसला. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये असावीत असा आग्रह झाला, तेव्हा ती संस्कृतमध्ये का नकोत, असा रमाबाईंचा प्रश्न होता. तो वरवर क्षुल्लक वाटेल; परंतु ख्रिस्ताकडे जाण्यासाठी आधी इंग्रज व्हावे लागते काय, हा मूळ मुद्दा त्यातच होता.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई संस्कृत शिकवीत. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे असा विचार निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. असे केल्यास स्वदेशात त्यांचे वजन कमी होईल, असे कारण देण्यात आले. ज्या स्त्रीने मायदेशी पुरुषांच्या भरसभांतून व्याख्याने दिली होती, तिला ही मर्यादा ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी घालावी, हा विपर्यासच म्हणावा लागेल.

त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी रमाबाईंना शंका होत्या. इंग्लंडच्या चर्चचा प्रत्येक मतांगीकार डोळे मिटून स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. जेरल्डिन यांना तो उद्धटपणा वाटला. याउलट महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांनी दीर्घ पत्रव्यवहारातून त्यांच्या शंकांशी धीराने संवाद साधला. एकाच चर्चच्या या दोन स्त्रिया. एकीने प्रश्नाला अश्रद्धा मानले, तर दुसरीने प्रश्न विचारणे हा श्रद्धेचाच भाग मानला.

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. धर्मशिक्षणाची सक्ती नाही म्हणून काही मिशनरी नाराज झाले. पुढे सदन पुण्यात असताना मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून १८९३ मध्ये अनेक हिंदू पालकांनी मुलींना काढून नेले. दोन्ही घरे त्यांना परकी झाली. अखेर केडगावला त्यांनी तिसरे घर उभारले. १८९६-९७ च्या आणि नंतर १९०० च्या दुष्काळातील शेकडो अनाथ मुलींना ‘मुक्ति’मध्ये आश्रय मिळाला. हे घर कोणत्याही एका पंथाच्या आधिपत्याखाली नव्हते. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत संपूर्ण बायबल अनुवादिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याची छपाई मुक्तितील स्त्रियांच्याच हातची होती.

मुक्तिवरही धर्मांतराच्या दडपणाचा आरोप झाला, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. ज्याला स्वतःला दाराशी अडविले गेले, त्यालाही आपल्या घराचे दार निरपेक्षपणे उघडणे सोपे नसते.

आजही जगात अनेक चर्चमधून माणसे मुकाट्याने बाहेर पडतात. त्यांतील कित्येकांचे ख्रिस्ताशी भांडण नसते. शंका विचारताच नजरा बदलतात. अनेक पंथांत स्त्रीला वेदीवर स्थान नाही. दक्षिणेत काही गावांत दलित ख्रिस्ती माणसाला मृत्यूनंतरही वेगळी जागा दाखविली जाते. अशा वेळी फाटकावरील स्वागताच्या पाटीला अर्थ उरत नाही. आलेल्या माणसाला त्याची भाषा, त्याचे ताट आणि त्याचे प्रश्न घेऊन आत बसता येते की नाही, यावरच स्वागताची परीक्षा होते. वाँटेजमध्ये ती परीक्षा पुरती उतरली नाही. म्हणूनच रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही, पण एका चर्चची चौकटही आयुष्यभर स्वीकारली नाही. त्यांना हट्टी ठरविणाऱ्यांनी त्या चौकटीची उंचीही एकदा मोजून पाहावयास हवी होती.