बॉम्बच्या छायेतली राजकन्या : मार्गो फॉन्टेन

युद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर रणगाडे येतात, विमानं येतात, खंदक येतात. पायात सॅटिनचे बूट घालून चवड्यांच्या टोकावर उभी राहिलेली नाजूक मुलगी काही येत नाही! कला आणि युद्ध यांचं नातं खरं तर आपल्याला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्याच काळात अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. पण पोवाडा मुळातच वीररसाचा. बॅले म्हणजे राजकन्या, पऱ्या आणि हंस. त्याचा लढाईला काय उपयोग? ब्रिटनच्या मार्गो फॉन्टेनचं आयुष्य पाहिलं की या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

तिचं खरं नाव पेगी हूकम. जन्म १८ मे १९१९ चा, लंडनजवळच्या रायगेट गावातला. वडील इंजिनियर, त्यांच्या नोकरीमुळे बालपणाची काही वर्षं शांघायमध्ये गेली. आईचे वडील ब्राझीलचे, आडनाव फॉन्टेस. त्यावरूनच पुढे 'फॉन्टेन' हे रंगभूमीवरचं नाव आलं. मुलीचे गुण ओळखून आई तिला लंडनला घेऊन आली आणि १९३४ मध्ये ती निनेट द व्हॅल्वा या करारी बाईंच्या विक-वेल्स बॅले कंपनीत दाखल झाली. ही कंपनी पुढे सॅडलर्स वेल्स बॅले झाली. त्या काळी बॅले म्हणजे रशियन लोकांची मक्तेदारी. इंग्रज माणसाला हे जमेल यावर खुद्द इंग्रजांचाच विश्वास नव्हता! पण विशीत पाऊल टाकण्यापूर्वीच मार्गो मोठ्या भूमिका करू लागली होती.

आणि युद्ध सुरू झालं. १९४० च्या मे महिन्यात ब्रिटिश कौन्सिलने या कंपनीला हॉलंडच्या दौऱ्यावर पाठवलं. हॉलंड तेव्हा तटस्थ होता. अशा देशांना ब्रिटन म्हणजे नुसत्या तोफा आणि जहाजं नव्हेत, तिथे संस्कृतीही आहे, हे दाखवायचं होतं. म्हणजे तिकीट नाचाचं, पण काम परराष्ट्र धोरणाचं! मार्गो तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची होत होती. हेगला प्रयोग झाले, मग जर्मन सीमेजवळच्या आर्नहेमला. तिथला प्रयोग आटोपून मंडळी रातोरात बसने हेगला परतली आणि १० मेच्या पहाटे जर्मन छत्रीधारी सैनिक आकाशातून उतरू लागले.

पुढचे काही दिवस नुसती धावपळ. शेवटी एका मालवाहू बोटीच्या पोटात, निर्वासितांच्या गर्दीत दाटीवाटीने बसून सगळे कसेबसे इंग्लंडला पोचले. माणसं वाचली, पण सहा बॅलेंचे पडदे, पोशाख आणि संगीताची हस्तलिखितं मागेच राहिली. त्यातला 'होरोस्कोप' हा मार्गोची प्रमुख भूमिका असलेला बॅले. त्याची संपूर्ण स्वरलिपीच गेली आणि तो पुन्हा कधी उभा राहू शकला नाही. सरकारी प्रचाराच्या हिशेबात असं नुकसान कुठल्या रकान्यात मांडणार?

लंडनमध्ये त्यांचं स्वतःचं थिएटर बॉम्बहल्ल्यात बेघर झालेल्यांच्या निवाऱ्यासाठी गेलं. मग दुसऱ्या थिएटरात प्रयोग सुरू झाले. वाद्यवृंद परवडेना, तर दोन पियानोंवर भागवलं. गंमत पाहा, सरकारला बॅले हवा होता, पण त्यातले पुरुष नर्तक मात्र सैन्यात भरती होत होते! नृत्यदिग्दर्शक फ्रेडरिक ॲश्टनसुद्धा हवाई दलात गेले. रेशनचं अन्न खाऊन आठवड्याला कितीतरी प्रयोग करायचे, कधी दुपारचेही. भोंगे वाजले तरी प्रेक्षक बसून राहत. लढणाऱ्या देशाचा धीर टिकवणं हेही युद्धकार्यच होतं आणि सरकारी मदतीतून गावोगावी कला पोचवली जात होती. १९४५ च्या सुरुवातीला सैनिकांसाठी हीच मंडळी ब्रुसेल्स आणि पॅरिसलाही जाऊन आली.

युद्ध संपलं, पण ही कामगिरी संपली नाही. युद्धात कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा डान्स हॉल झाला होता. ते २० फेब्रुवारी १९४६ ला राजघराण्याच्या उपस्थितीत पुन्हा उघडलं, 'स्लीपिंग ब्यूटी'ने. कापडावर रेशनिंग असताना दरबाराचा थाट कसाबसा जमवलेला. शंभर वर्षं झोपलेला राजवाडा जागा होतो ही ती कथा, आणि जागी होणारी राजकन्या मार्गो. ब्लॅकआऊटमधून बाहेर आलेल्या लंडनकरांना वेगळा अर्थ सांगायची गरजच नव्हती!

१९४९ च्या सप्टेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालं आणि तीन आठवड्यांच्या आत, ९ ऑक्टोबरला, याच कंपनीने न्यूयॉर्क जिंकलं. टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर मार्गो झळकली. खिसा रिकामा झालेल्या ब्रिटनची अब्रू एका नर्तकीने राखली म्हणा ना. १९५६ मध्ये तिला डेम हा किताब मिळाला. त्याच वर्षी हंगेरीत रशियन रणगाडे घुसले, तेव्हा कंपनीचा ठरलेला मॉस्को दौरा रद्द करून निषेध नोंदवला गेला. जाणं हा जसा संदेश, तसा न जाणं हाही!

पुढे १९६२ पासून रशियातून पळून आलेल्या नुरेयेवबरोबर तिची जोडी जगभर गाजली. पण घरी सुख बेताचंच. पती, पनामाचे रॉबर्टो आरियास, १९६४ मध्ये गोळीबारात जखमी होऊन कायमचे पंगू झाले. त्यांच्या औषधपाण्यासाठी ती साठीच्या उंबरठ्यापर्यंत नाचत राहिली. अखेरीस तिच्यापाशी पैसा उरला नव्हता. १९९० मध्ये कॉव्हेंट गार्डनला तिच्या मदतीसाठी खास प्रयोग करावा लागला. २१ फेब्रुवारी १९९१ ला पनामात ती गेली.

मग ती सरकारच्या हातातलं साधन होती का? होती, असंच म्हणावं लागेल. पण साधन खोटं असेल तर प्रचार एका रात्रीत उघडा पडतो. भोंगा वाजत असताना जागेवर बसून राहिलेला प्रेक्षक काही सरकारी हुकमाने बसला नव्हता. तो तिच्यासाठी बसला होता. सरकारने तिच्याकडून काय काय मिळवलं याचा हिशेब लागतो, तिला काय परत दिलं याचा मात्र नीट लागत नाही. रायगेटला तिचा पुतळा आहे. कधी त्या बाजूला गेलात तर दोन मिनिटं जरूर थांबा.