शिल्पकार करमरकर

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी सासवणे नावाचे एक लहानसे गाव आहे. नारळीपोफळीच्या छायेत वसलेल्या या गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. लहानपणापासूनच त्यांना चित्रे काढण्याचा नाद होता. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवछत्रपतींचे चित्र रेखाटले होते. कुलाबा जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांची दृष्टी एकदा त्या चित्रावर पडली. रॉथफील्ड रसिक होते. खेड्यातील या मुलाचे गुण त्यांनी ओळखले आणि त्यांच्याच साहाय्याने विनायकरावांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेता आले.

तेथे त्यांनी शिल्पकला आत्मसात केली. पुढे ते कलकत्त्यास गेले, आणि १९२० साली अधिक अभ्यासासाठी लंडनच्या रॉयल अकादमीत दाखल झाले. परदेशातील थोर शिल्पे त्यांनी डोळे भरून पाहिली. परंतु मायभूमीची ओढ त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

पुण्यात शिवछत्रपतींचे भव्य स्मारक उभारावे, असा संकल्प कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी केला होता. १९२१ साली स्मारकाची कोनशिलाही बसली. पण पुढच्याच वर्षी महाराज निवर्तले. अखेर अश्वारूढ पुतळा घडविण्याचे काम करमरकरांकडे आले. घोड्यासह सुमारे साडेतेरा फूट उंचीचा आणि कित्येक टन वजनाचा हा पुतळा ब्राँझचा व्हावयाचा होता. एवढी मोठी कामे त्या काळी बहुधा युरोपातून करून आणीत. करमरकरांनी मात्र हा पुतळा मुंबईतच आणि तोही अखंड ओतण्याचे ठरविले.

हे धाडस लहान नव्हते. तुकडे तुकडे ओतून जोडले, तर एखादा भाग बिघडल्यास तेवढाच पुन्हा करता येतो. अखंड ओतकामात तशी सोय नसते. वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचण्यापूर्वीच थिजला, किंवा साच्यास तडा गेला, तर साऱ्या श्रमांची माती होते. ओतलेला रस निवेपर्यंत आत काय घडले, हे कोणासच कळत नाही. ती कसोटी करमरकर उतरले. १६ जून १९२८ रोजी पुण्यात पुतळ्याचे अनावरण झाले. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

कीर्ती मिळाल्यावरही करमरकर सासवण्यास विसरले नाहीत. गावची कोळीण, कष्टकरी माणसे, अंगणातील गुरेढोरे यांनाही त्यांनी शिल्परूप दिले. भारत सरकारने 'पद्मश्री' देऊन त्यांचा गौरव केला. १९६७ साली त्यांचे निधन झाले. सासवण्यातील त्यांच्या घरी आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.

देवळाच्या भिंतीवर रेखाटलेली शिवछत्रपतींची मूर्ती पुढे ब्राँझमध्ये साकार झाली. तिच्यामागे शिल्पकाराचे अखंड परिश्रम होते. तसेच खेड्यातील मुलाचे गुण वेळीच ओळखणारी एक रसिक दृष्टीही होती.